कोरेगावहून परतल्यानंतरची संध्याकाळ

एक जानेवारीला पेरण्याच्या विजयस्तंभासमोर उभ्या असलेल्या माणसाला एकटे वाटत नाही. आदल्या रात्रीपासूनच नगर रस्त्यावर माणसांची रांग लागलेली असते. नांदेड, लातूर, अकोला, नागपूर, मुंबई, सगळीकडून गाड्या येतात. पांढऱ्या साडीतल्या आया, बापाच्या खांद्यावर बसलेली लेकरे, समता सैनिक दलाची मानवंदना, पुस्तकांचे स्टॉल आणि ओळख नसताना हात जोडून ‘जय भीम’ करणारी माणसे. त्या गर्दीत आपण कुणाचे तरी आहोत ही जाणीव अंगात भिनते.

मग संध्याकाळ होते. पीएमपीच्या बसमधून पोरगा नवी पेठेतल्या किंवा सदाशिव पेठेतल्या आपल्या खोलीवर येतो. कॉट बेसिसची खोली, चार कॉट, त्यातले दोघे गावी गेलेले. मेस बंद. फोन उघडला की स्टेटसवर कुणी गोव्यात, कुणी बायकोसोबत, कुणाची ‘पोस्ट निघाली’ म्हणून गावात मिरवणूक. भिंतीवर नवे कॅलेंडर लावायचे असते आणि मनात हिशेब सुरू होतो. आणखी एक वर्ष गेले. वय इतके झाले. बापाने उसने घेतलेले पैसे इतके झाले. धाकट्या बहिणीचे लग्न थांबले आहे. सकाळी ज्याच्या घोषणेला हजार माणसे ओ देत होती, तो रात्री आईचा फोन उचलत नाही, कारण आवाजावरून तिला कळेल.

या संध्याकाळबद्दल आपल्याकडे कुणी लिहीत नाही. एक जानेवारीच्या सकाळबद्दल पानेच्या पाने लिहिली जातात आणि ती लिहिलीच पाहिजेत. पण सहा डिसेंबर ते सव्वीस जानेवारी या काळात आपल्या किती पोरापोरींची झोप उडते, किती जण जेवण सोडतात, किती जण कार्यक्रमाला यायचेच बंद होतात, याची नोंद कुठल्याही संघटनेच्या वहीत नाही.

मी हे ऐकीव लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मीही अशाच एका खोलीत होतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निकाल लागला, त्यात नाव नव्हते. थर्टी फर्स्टच्या रात्री खाली रस्त्यावर फटाके वाजत होते आणि मी पांघरूण डोक्यावरून घेऊन पडलो होतो. दुसऱ्या दिवशी कोरेगावला गेलो, घोषणा दिल्या, फोटो काढले. परत आल्यावर तीन आठवडे मी अभ्यासिकेची पायरी चढलो नाही. सकाळी उठून दात घासणे हेसुद्धा डोंगर चढण्यासारखे वाटायचे. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला धीर करून सांगितले तर ते म्हणाले, “अरे, आपण वाघाची पोरं. आंबेडकरी माणूस असा रडत नसतो.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यानंतर मी कुणालाच काही सांगितले नाही.

नव्या वर्षाची उदासी ही काही श्रीमंत देशांचीच गोष्ट नाही, पण ती तिथून आपल्याकडे अर्धवट माहितीच्या रूपात आली आहे. नाताळच्या सुट्टीत आत्महत्या वाढतात असे सर्रास बोलले जाते. अभ्यास काही वेगळेच सांगतात. अमेरिकेत डिसेंबर हा उलट कमी आत्महत्यांच्या महिन्यांपैकी एक असतो. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली २६ देशांतील आकडेवारीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आत्महत्येचा धोका आठवड्यात सोमवारी सर्वाधिक आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी वाढलेला दिसतो. म्हणजे सुट्टी सुरू असताना माणूस कसाबसा तग धरतो. सुट्टी संपते आणि ‘आता नव्याने सुरुवात कर’ असे सगळे जग सांगू लागते, तेव्हा पाय लटपटतात. मला हे पटते. जानेवारी हा हिशेबाचा महिना आहे आणि ज्याच्या हिशेबात दरवर्षी तूटच येते त्याला तो झेपत नाही.

आपल्या मुलांच्या हिशेबात तूट का येते हे नव्याने सांगायला नको. घरात शिकलेली पहिली पिढी. शेत नाही, असले तर कोरडवाहू. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना, तीही पुण्या-मुंबईत वर्षाला जास्तीत जास्त ६० हजार रुपये, आणि हप्ता लांबला की खोलीचे भाडे मित्राकडून उसने. पीएच.डी. करणाऱ्यांनी बार्टीच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानात दिवस काढले. एमपीएससीच्या पोरांनी परीक्षेच्या तारखांसाठी, पॅटर्नसाठी पुण्याच्या रस्त्यावर रात्री काढल्या. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे चार-पाच वर्षे बहुपर्यायीची तयारी केलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुलींची गोष्ट आणखी वेगळी. तिला घरून ‘एवढ्या वर्षी नाही झालं तर लग्न’ अशी मुदत दिलेली असते आणि ती मुदत बहुतेक वेळा डिसेंबरअखेरच संपते. तिने उदास असल्याचे सांगितले तर उपाय म्हणून स्थळच पुढे येते.

त्यात कार्यकर्त्यांची दगदग मिळवा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर सेवा, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन, एक जानेवारीला कोरेगाव, तीनला सावित्रीमाईंची जयंती, १४ ला नामविस्तार दिन, १७ ला रोहितचा स्मृतिदिन, २६ ला संविधानाचे वाचन. सहा-सात आठवड्यांत इतके कार्यक्रम, प्रत्येकाला वर्गणी, बॅनर, पोलिसांची परवानगी, स्पीकर आणि भांडणे. जो पोरगा हे सगळे करतो तो स्वतःच्या परीक्षेचा अर्ज भरायला विसरतो, हे मी दोनदा पाहिले आहे. २०१८ नंतर एक जानेवारीला आणखी एक ओझे चिकटले आहे. त्या वर्षीची दगडफेक ज्यांनी अंगावर घेतली, तीन जानेवारीच्या बंदनंतर ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, त्यांच्यातल्या काहींची चारित्र्य पडताळणीची भीती अजून गेलेली नाही. त्यांच्यासाठी हा दिवस अभिमानाचा आहे आणि धास्तीचाही.

तेव्हा उदासीला कारण आहे. ते खरे आहे, बाहेर आहे आणि त्याला जातीचे नाव आहे. केंद्रीय शिक्षणमंत्र्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत सांगितले की २०१४ ते २०२१ या काळात आयआयटी, आयआयएम, केंद्रीय विद्यापीठे अशा केंद्राच्या संस्थांमध्ये १२२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले २४ अनुसूचित जातींचे, तीन अनुसूचित जमातींचे आणि ४१ ओबीसी होते. म्हणजे निम्म्याहून अधिक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशात १ लाख ७१ हजार ४१८ आत्महत्या झाल्या, त्यात १३ हजार ८९२ विद्यार्थी होते, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. या जाडजूड अहवालात वय, शिक्षण, उत्पन्न, व्यवसाय सगळ्याचे तक्ते आहेत. जातीचा तक्ता नाही. तो नसणे हा काही छपाईतला दोष नाही.

इथपर्यंत आपले कार्यकर्ते माझ्याशी सहमत होतील. पुढचे बोलणे काहींना आवडणार नाही.

कारण व्यवस्थेत आहे म्हणून औषध फक्त मोर्चातच आहे, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. कुणी डॉक्टरकडे जा म्हटले की ‘म्हणजे आमच्या पोरालाच वेडे ठरवता का, जातिवाद्यांना मोकळे सोडता का’ असा सवाल येतो. सवाल चुकीचा नाही. विद्यापीठाच्या प्रशासनांनी आपल्या मुलांच्या मृत्यूनंतर ‘तो वैयक्तिक कारणाने निराश होता’ असे म्हणून हात झटकलेले आपण पाहिले आहेत. त्यामुळे नैराश्य हा शब्दच आपल्याला शत्रूच्या बाजूचा वाटू लागला. पण दूषित पाण्याने कावीळ झाली तर आपण नगरपालिकेवर मोर्चाही नेतो आणि रोग्याला दवाखान्यातही नेतो. मोर्चा यशस्वी होईपर्यंत त्याला घरी पडू देत नाही. जातीने, गरिबीने, अपमानाने मन आजारी पडले तर मात्र आपण फक्त मोर्चा काढतो, आणि तोही बहुतेक वेळा माणूस गेल्यावर.

रोहित वेमुलाला जाऊन १७ जानेवारी २०२६ ला दहा वर्षे झाली. निलंबन, वसतिगृहातून हकालपट्टी, थांबलेली फेलोशिप, तंबूतल्या रात्री, हे सगळे आपल्याला पाठ आहे. त्या अन्यायाविरुद्धची लढाई राधिकाताई वेमुला अजून लढत आहेत. डॉ. पायल तडवीच्या आई आबेदाताई आणि त्या दोघी मिळून २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयात उभ्या आहेत. पण आपल्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. दहा वर्षांत आपण रोहितचे पोस्टर लाखोंनी छापले. त्याच पोस्टरखाली बसलेल्या जिवंत पोराला ‘तू रात्री झोपतोस का’ असे किती वेळा विचारले? दरवर्षी १७ जानेवारीच्या सभेत त्याच्या मृत्यूला बलिदान म्हणण्याची सवय आपण लावून घेतली आहे. ती मला आता धोक्याची वाटते. खचलेल्या एखाद्या मुलाच्या कानावर ते शब्द कसे पडत असतील याचा विचार वक्त्याने करावा. रोहितची संस्थात्मक हत्या झाली, हे ठणकावून सांगा. मरण हा मार्ग होता, असे ध्वनित होईल असे एक वाक्यही बोलू नका.

‘आंबेडकरी माणूस रडत नसतो’ या वाक्याकडे परत येतो. ते ज्या बाबासाहेबांच्या नावाने बोलले जाते त्यांचे १९२६ आणि १९२७ हे दोन सालच पाहा. जुलै १९२६ मध्ये त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्याआधीही मुले गेली होती, रमाई स्वतः खंगलेल्या होत्या. ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहिले. पुत्रशोकातून आपण सावरलो असे भासवण्यात काही अर्थ नाही, आणि आपण दोघे कधी सावरू असे वाटतही नाही, असे त्यांनी त्यात सरळ सांगितले आहे. आयुष्यातला रस निघून गेल्याची ती भाषा आहे. ज्यांना बाबासाहेब फक्त बोट उंचावलेल्या पुतळ्यात दिसतात त्यांनी ते पत्र एकदा वाचावे.

आता तारखा जुळवा. राजरत्न गेल्यानंतर साडेपाच महिन्यांनी, एक जानेवारी १९२७ रोजी, हाच माणूस कोरेगावच्या स्तंभापाशी उभा होता. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर. आपण जो दिवस साजरा करतो त्या दिवशी तिथे उभे असलेले बाबासाहेब पुत्रशोकातले बाप होते. दुःख लपवून नव्हे, तर मित्राजवळ ते बोलून ते कामाला उभे राहिले. मला तर वाटते की दत्तोबांना लिहिलेले पत्र हा चळवळीच्या इतिहासातलाच कागद आहे, खासगी नव्हे.

याचा अर्थ ‘बघा, त्यांनी एवढे सोसले, तुम्हाला काय झाले’ असा कृपा करून काढू नका. हे वाक्य खचलेल्या माणसाला सगळ्यात जास्त खचवते. शोक वेगळा आणि नैराश्याचा आजार वेगळा. बाबासाहेबांना आजार होता असे मी म्हणत नाही. इतकेच म्हणतो की मनाची जखम उघड बोलणे ही आंबेडकरी परंपरा आहे, ती झाकणे नव्हे.

धम्माकडे वळलो तर इथेही थोडी साफसफाई करावी लागेल. मागच्या जन्मीच्या कर्माने हे भोग आले, असे आपल्याच घरातली काही वडीलधारी माणसे अजून म्हणतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी पूर्वकर्माची ही कल्पना बुद्धाची असूच शकत नाही असे तर्काने मांडले आहे. तेव्हा तो मुद्दा संपला. दुसरे, संयुत्त निकायात भगवंतांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. पहिला बाण शरीराला लागतो, त्यावर माणूस शोक करत बसतो तो दुसरा बाण. शिबिरांतून हा दाखला हल्ली फार ऐकू येतो, आणि बहुतेक वेळा ‘दुसरा बाण तूच मारून घेतोस’ एवढाच भाग सांगितला जातो. पहिला बाण खरा आहे, लागलेला आहे, हे भगवंतांनी नाकारलेले नाही. नापास झाल्याचे दुःख खरे आहे. त्यावर ‘मी नालायकच आहे, माझ्यामुळे घरच्यांचे वाटोळे झाले’ असे रात्रभर घोळवत राहणे हा दुसरा बाण. तो काढायला माणसाची मदत लागते आणि कधी कधी डॉक्टरांचीही.

मला त्याहून जवळची वाटते ती विनयपिटकातल्या महावग्गातली गोष्ट. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. भगवंत आनंदासह तिथून जात होते. त्यांनी पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून मंचकावर ठेवले. मग इतर भिक्खूंना विचारले, याची शुश्रूषा कुणी का करत नाही? उत्तर आले, तो आमच्या काही कामाचा नाही म्हणून. हे उत्तर वाचले की मला आपल्या शाखेच्या बैठका आठवतात. जो कार्यकर्ता यायचा बंद होतो, त्याचे नाव आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवरून निघते, मग ‘तो आता थंड पडला’, ‘विकला गेला’ अशा चर्चा होतात. आजारी पडला असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. भगवंतांनी तेव्हा भिक्खूंना सांगितले की तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

विपश्यनेबद्दलही सांगतो, कारण नव्या वर्षाचा संकल्प म्हणून बरेच जण दहा दिवसांच्या शिबिराचा अर्ज भरतात. साधनेने अनेकांना लाभ होतो, मलाही झाला. पण तीव्र मानसिक आजारावर ते औषध नाही. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारलेले असते आणि गंभीर आजार असलेल्यांना शिबिराची शिफारस केली जात नाही. ती माहिती लपवून शिबिरात जाऊ नका, आणि भन्तेजींनी किंवा आचार्यांनी सांगितले असे समजून चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.

मग करायचे काय? आधी ओळखायचे कसे ते पाहू. वाईट बातमीनंतर चार-आठ दिवस मन उदास राहणे हे माणसाचे लक्षण आहे, आजाराचे नव्हे. पण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन काळवंडलेले राहिले किंवा आवडत्या गोष्टीतला रस गेला, सोबत झोप-भूक बिघडली, थकवा, अपराधीपणा, वाचलेले डोक्यात न शिरणे असे सुरू झाले, तर तो डॉक्टरांना दाखवायचा आजार आहे. आपल्याकडे तो अनेकदा अंगदुखीच्या, डोके जड होण्याच्या, पित्ताच्या रूपात येतो. पोरे महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळ्या खातात. मरण्याचे विचार येत असतील तर मात्र दोन आठवडे मोजत बसायचे नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची.

मदत कुठे? ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. खासगी डॉक्टरांची फी परवडत नाही म्हणून उपचारच नाही, असे समजू नका. औषधांनी लगेच दुसऱ्या दिवशी बरे वाटत नाही. दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि याच काळात बरेच जण ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र त्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायच्या नसतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. ज्यांची भाषा, पैसा आणि ओळख तिन्ही तोकडे, ते या टक्क्यांत कुठे असतील हे सांगायला नको.

दारूचे नाव निघाले म्हणून. थर्टी फर्स्टला ‘एक दिवस चालतं’ म्हणत पंचशीलातले पाचवे शील गुंडाळून ठेवणाऱ्यांना मी उपदेश करणार नाही. फक्त शरीरशास्त्र सांगतो. दारू मेंदूला मंदावते, झोप मोडते आणि आधीच उदास असलेल्याला दुसऱ्या दिवशी आणखी खोल नेते. खचलेल्या मित्राला ‘चल, मूड फ्रेश करू’ म्हणून बसवू नका.

मित्राने काय करावे यावर मी जरा जास्त बोलेन, कारण मला तारले ते मित्रानेच. विचारायला घाबरू नका. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असे थेट विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत, उलट समोरचा सुटतो, हे या क्षेत्रात काम करणारे सगळेच सांगतात. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, गुपित ठेवण्याचे वचन देऊ नका, १४४१६ लावा, घरच्या एका विश्वासू माणसाला कळवा आणि सोबत दवाखान्यात जा. भाषण देऊ नका. बाबासाहेबांचा दाखलाही तेव्हा नको. खचलेल्याला निर्णय घेणे जमत नसते, म्हणून ‘काही लागलं तर सांग’ याचा उपयोग होत नाही. ‘सात वाजता येतो, जेवायला जाऊ’ याचा होतो.

परदेशी शिष्यवृत्तीवर शिकायला गेलेली आपली मुलेही यात विसरू नका. लंडनमध्ये डिसेंबरअखेर चारच्या सुमारास सूर्य मावळतो. वसतिगृहे रिकामी होतात आणि गोरे-काळे सगळे आपापल्या घरी जातात. गावात पेढे वाटून गेलेल्या मुलाला ‘मला इथे राहवत नाही’ असे सांगण्याची सोय उरलेली नसते. त्याला १४ एप्रिलला शुभेच्छांचे फोन येतात, नाताळच्या आठवड्यात येत नाहीत.

आता संघटनांसाठी एक काम आहे, तेही मोर्चाच्याच भाषेतले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. टेलि-मानससह मदतीचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात ठळक दिसतील असे लावायला हवेत. कोचिंग क्लासेस आणि वसतिगृहेसुद्धा यात येतात. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायालयाने माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले, तेही दिल्ली आयआयटीतल्या दोन दलित विद्यार्थ्यांच्या पालकांच्या याचिकेवरून. आपल्या गावातल्या समाजकल्याणच्या वसतिगृहात जाऊन पाहा, भिंतीवर क्रमांक आहे का, समुपदेशक कोण, तो महिन्यातून किती दिवस येतो. नसेल तर निवेदन द्या. निवेदन द्यायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आणि विहार. रविवारी वंदना झाल्यावर एक तास दार उघडे ठेवून दोन समंजस उपासक-उपासिकांनी फक्त ऐकायला बसावे, एवढे शंभर विहारांनी केले तरी पुष्कळ होईल. कल्याणमित्र असणे म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवन, असे आनंद म्हणाला तेव्हा भगवंतांनी त्याला थांबवले होते. अर्धे नव्हे, संपूर्ण, असे ते म्हणाले.

माझ्या खोलीवर त्या जानेवारीत परभणीकडचा एक मित्र आला होता. एक जानेवारीला आमच्या गाडीत मी गप्प होतो हे त्याच्या लक्षात राहिले होते. त्याने दारातूनच विचारले, “जेवलास का रे?” मी हो म्हणालो. तो आत आला, कोपऱ्यातला चार दिवसांचा न धुतलेला डबा त्याने पाहिला आणि काही बोलला नाही. डबा धुतला, चहा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत घेऊन गेला, रांगेत उभा राहून केसपेपर काढला आणि मी आत असेपर्यंत बाहेरच्या बाकावर चालू घडामोडींचे मासिक वाचत बसला.